संदर्भासाठी दोन नावं

बापूजींनी पहिलाच प्रश्न विचारला आणि मी तिथेच अडकले. प्रश्न अगदी साधा होता. "नाव सांग बेटा. पूर्ण."

तळेगावच्या बसस्टँडमागे त्यांचं ऑनलाइन सेंटर आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीवर सातबारापासून पॅनकार्डापर्यंत काय काय काढून मिळतं त्याची यादी. बापूजी आयुष्यभर सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. या माणसाला कुणाची चूक बघवत नाही. मी आत शिरले तेव्हा ते एका पोराच्या अर्जातली वेलांटी सुधारत होते, आणि पोरगा घड्याळाकडे बघत तळमळत होता.

माझी अडचण अशी, की मला नावं दोन. जन्माचं रंजिता. रंजिता मधुकर उमाटे. मार्कशीटवर हेच, आधारवर हेच. दुसरं नाव लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी अपेक्षा झाले. अपेक्षा किशोर पोहाणे. कोणाची अपेक्षा आणि कसली, ते पुढच्या सव्वातीन वर्षांत मला नीट समजावून देण्यात आलं. कागदोपत्री नाव बदलायचं 'दिवाळीनंतर करू' म्हणत राहून गेलं. त्यामुळे अल्लीपुरात रंजिता कोण ते कोणाला ठाऊक नाही, आणि कागदांना अपेक्षा ठाऊक नाही.

"रंजिता मधुकर उमाटे," मी म्हटलं. बापूजींनी टाइप केलं. मग चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिल्यापासून नव्हते. अल्लीपूरला झाले. किशोर ओरडणारा माणूस नाही. ओरडणारे परवडले, निदान कुठे आहेत ते कळतं. हा येऊन बसतो. माहेरी मी एकदा पळून गेले होते, तेव्हाही आला, ओसरीवर बसला, चहा प्यायला, बाबांच्या पाया पडला. सोबत चार माणसं आणि जीप. बाबांनी मला आत येऊन सांगितलं, "जावई एवढा घ्यायला आला, अजून काय पाहिजे?" त्या रात्री घरी नेल्यावर त्याने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं कपाटाच्या दारात धरली आणि दार हळूहळू लोटलं. लोटताना म्हणाला, "पुढच्या वेळी सांगून जाजो. मीच सोडून देत जाईन." मग स्वतःच हळद लावून दिली.

दुसऱ्यांदा मी माहेरी गेले नाही. कॉलेजात माझी रूममेट होती वर्षाली, तळेगावची. तिच्याबद्दल मी सासरी चकार शब्द काढला नव्हता. ती आता लग्न होऊन पुण्याला आहे, पण तिची आई देवकाबाई इथेच. शेत लहान, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात आणि आष्टीच्या बाजारात नेऊन विकतात. त्यांनी मला काही विचारलं नाही. शेजारणींना सांगितलं, भाची आहे. पण घर दोन खोल्यांचं, आणि पंधरा दिवसांनी वर्षाली बाळंतपणाला येणार होती. देवकाबाई कधीच जा म्हणाल्या नसत्या. पण बाळंतिणीच्या खोलीत मी कुठे पथारी टाकणार?

म्हणून ही नोकरी. हायवेवर संत्र्याचं ग्रेडिंग आणि पॅकिंग करणारी एक कंपनी आहे. तिथे स्टोअरला माणूस हवा होता, दोन वर्षांचा अनुभव असलेला. बायकांसाठी आवारातच खोल्या, फाटकावर चौकीदार. चौकीदाराचं वाचल्यावरच मी अर्ज करायचं ठरवलं. ही नोकरी मिळाली तर मी राहीन. नाही मिळाली तर बाबांकडे जाणं भाग, आणि बाबांकडून अल्लीपूरला जायला जीप आहेच.

"पुढं सांग," बापूजी म्हणाले. "काय काय येते तुले?"

"लिहा ना काका, मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर..."

"हे कोनीबी लिहिते वं. चोरबी प्रामाणिकच लिहिते. तू काम काय केलं ते सांग. आकडा सांग."

मी सांगायला लागले. अल्लीपूरच्या सदाशिवरावांच्या कृषी केंद्रात दोन वर्षं. सासरचीच सोय होती ती. सून घरी बसून काय करते, म्हणून धाडलं होतं. पण मला ते काम आवडायचं. बियाणं, खतं, औषधं मिळून साडेतीनशेच्या वर प्रकार. कुठल्या बाटलीचा बॅच नंबर काय, मुदत कधी संपते, कुठलं औषध बियाण्याजवळ ठेवायचं नाही, सगळं माझ्याकडे. अंगठा लावून खत द्यायचं ते मशीन मीच चालवायची. एका हंगामात मुदत संपलेल्या कीटकनाशकाच्या साठ बाटल्या मी विक्रीला जाण्याआधी बाजूला काढल्या होत्या. बापूजी टकाटक बोटं चालवत होते. मधेच म्हणाले, "साठ? हे पह्यले काऊन नाई सांगतलं? हे तं सगळ्यात वर पाह्यजे."

मी पडद्यावर वाचलं. छान दिसत होतं. खोटं सांगत नाही, लग्नानंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल बरं लिहिलेलं मी वाचत होते, आणि त्यातला शब्द न शब्द खरा होता. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात बापूजी म्हणाले, "आता संदर्भ."

"म्हणजे?"

"म्हंजे तुह्याबद्दल सांगनारी मानसं. दोन नावं लागते, फोन नंबरासकट. एक तुहे कॉलेजचे सर झाले. दुसरे हे सदाशिवराव. नंबर सांग."

लपून बसलेल्या माणसाने रिझ्युमे लिहू नये हेच खरं. नाव लिहा, पत्ता लिहा, फोन लिहा, आणि वर ज्या गावातून पळालात तिथल्या माणसाचा नंबरही लिहा. सदाशिवराव वाईट नव्हते. पण त्यांचं दुकान चौकात, आणि किशोरची उठबस तिथेच. कंपनीने तिथे फोन केला, की संध्याकाळपर्यंत तळेगावचं नाव किशोरच्या कानावर.

"नंबर नको ना काका. नुसतं दुकानाचं नाव लिहा."

"नंबराबिगर रिझ्युमे म्हंजे रद्दी. जाहिरातीत लिहून हाय, संदर्भ आवश्यक."

मग मी नंबर सांगितला. नऊ आकडे खरे सांगितले आणि शेवटचा बदलला. सातच्या जागी एक. मनात म्हटलं, लागला नाही तर म्हणतील नंबर बदलला असेल. माझ्या हुशारीवर मी खूश झाले. बापूजी म्हणाले, "उद्या ये, एकदा वाचून पाहातो मी, मंग पाठवू." मी घरी आले आणि देवकाबाईंबरोबर सांभाराच्या जुड्या बांधत बसले. त्या रात्री मला झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तर बापूजींचा चेहरा पडलेला.

"बस," ते म्हणाले. "तू सांगतलेला नंबर चुकला होता बेटा. मी लावून पाह्यला तं कोनी भलतीच बाई बोलली."

"तुम्ही फोन लावला?"

"लावा लागते. चुकीचा नंबर कसा पाठवू? मंग मी खताच्या कंपनीची डीलर लोकाईची यादी काढली, त्यातनी दुकानाचा नंबर भेटला. शेवटी सात हाय, तू एक सांगतला होता. दुरुस्त केला मी."

मी समोरच्या स्टुलावर बसले. एवढ्या मोठ्या देशात लाखो लोक कामचुकार. मला भेटला तो असा, की दुसऱ्याच्या रिझ्युमेतला एक आकडा चुकला तर यादी काढून शोधतो.

"तिथं... तिथं बोललात का तुम्ही?"

"बोललो ना. सदाशिवरावच होते. म्हटलं, रंजिता उमाटे नावाची पोरगी तुमच्याकडे कामाले होती का? तं म्हने, नाई. अशी कोनी बाई आपल्याकडे नव्हती." बापूजींनी चष्मा काढला. "खोटं लिहिलं का बेटा? त्या साठ बाटल्या वगैरे?"

काय सांगू? एका अंगाने मी मेले होते आणि दुसऱ्या अंगाने जिवंत झाले होते. त्यांनी रंजिता म्हणून विचारलं! अल्लीपुरात रंजिता कोण? तिथे तर अपेक्षा होती. तांदळाच्या ताटाने मला वाचवलं. ज्या नावावर मी इतकी जळत होते, त्याच नावाने माझा माग पुसला होता.

"तुम्ही कुठून बोलता ते विचारलं का त्यांनी?"

"नाई. 'नाई' म्हटलं अन् ठेवून देल्ला. काऊन?"

"काही नाही. काका, तो अनुभव काढून टाका ना त्यातून."

"आता कसा काढू? पाठवलं ना मी सकाळीच, दुकानात फोन लावायच्या आंधी. मले वाटलं, नंबर तं दुरुस्त झाला." ते खजील झाले होते. "पन तू मले खरं सांग."

मी खरं सांगितलं नाही. "मी काम केलं होतं काका," एवढंच म्हटलं आणि उठले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला फार लागली. मी सगळं सोसलं होतं, पण खोटारडी मला अजून कोणी ठरवलं नव्हतं.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती. सदाशिवराव संध्याकाळी किशोरला सहज म्हणाले असतील का, की आज कोणीतरी असं विचारत होतं? माझं माहेरचं आडनाव किशोरला तर माहीत आहे. बापूजींचा नंबर त्यांच्या फोनवर उमटलाच असेल. त्या नंबरावर उलट फोन केला की बापूजी तत्परतेने पत्ता सांगतील, वर कोणत्या बसने यायचं तेही सांगतील.

हायवेवरून गाड्या चोवीस तास जातात. त्याची सवय झाली होती. आता प्रत्येक गाडी वेगळी ऐकू यायला लागली. ट्रक गेला की मी श्वास सोडायची, जीप आली की धरायची. एकदा गल्लीत जीप थांबली, तर मी सांभाराची जुडी हातात घेऊन न्हाणीत जाऊन उभी राहिले. ती बियाण्याच्या जाहिरातीची गाडी निघाली. भोंगा वाजायला लागला तरी मला बाहेर यायला दहा मिनिटं लागली. देवकाबाईंनी ओल्या जुडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांभार न्हाणीत धुतं का कोनी?" मग माझ्या हातातून ती घेतली आणि जवळ बसल्या. "कोनी आलं तं मी हाओ ना वं. विळा हाय माह्याजवळ."

मला हसू आलं आणि रडूही. साठीची बाई, विळा घेऊन चार माणसांसमोर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझा राक्षस खरा होता, त्याला जीप होती.

सहाव्या दिवशी सकाळी कंपनीचा फोन आला. अकरा वाजता या. मुलाखत की काय ते सांगितलं नाही.

कंपनीच्या ऑफिसात संत्र्यांचा आणि त्यांना लावायच्या मेणाचा वास भरून राहिला होता. आकांक्षा मॅडम नागपूरच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. माणसं घेणं, ठेवणं, काढणं, सगळं त्यांच्याकडे. समोर माझा रिझ्युमे होता, आणि सदाशिवरावांच्या नावाखाली लाल पेनाने रेघ.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी सरळच विचारते. रिझ्युमे आवडला मला. इतका नेमका सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून आज सकाळी मी स्वतः रेफरन्सला फोन केला. ते म्हणाले, ही बाई इथे नव्हतीच. मग हे दोन वर्षांचं काय आहे?"

मी डावा हात मांडीवर ओढून घेतला.

"बघा, खोटं लिहिणारे रोज येतात. मी त्यांना बोलावतही नाही. तुम्हाला बोलावलं, कारण त्या साठ बाटल्या मला खोट्या वाटत नाहीत. असं कोणी मनाने रचत नाही. पण स्टोअर म्हणजे विश्वासाचं काम. मला दुसरीकडून खात्री करता येत नसेल, तर मी दुसरा माणूस घेईन. आजच घ्यायचा आहे."

दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला स्पष्ट दिसत होत्या. उठून नमस्कार करायचा, निघून जायचं. कोणाला काही कळणार नाही. सात-आठ दिवस अजून देवकाबाईंकडे, मग बाबांकडे. नाहीतर तोंड उघडायचं आणि दुसरं नाव सांगायचं. ते नाव अल्लीपुरात गेलं, की माझा माग लागलाच.

मला वाटतं, मी उठलेच असते. खुर्ची मागे सरकवलीही होती. पण मग माझी नजर त्या लाल रेघेवर गेली आणि मला राग आला. भीतीच्या पोटातूनच आला तो. नव्हतीच म्हणे! दोन वर्षं मी त्या दुकानाची धूळ खाल्ली, औषधांच्या वासाने डोकं धरून जेवले, पावसाळ्यात गोडाऊन गळलं तेव्हा बियाण्याच्या थैल्या मी एकटीने उचलल्या, आणि आता मी नव्हतेच? किशोरने माझं सगळं घेतलं होतं. एवढं एक काम माझं होतं. तेही नव्हतं म्हणून उठून जाऊ?

"मॅडम," मी म्हटलं, "त्यांना अपेक्षा म्हणून विचारा. अपेक्षा पोहाणे. तिथे मला त्या नावाने ओळखतात. लग्नातलं नाव आहे."

"मग रिझ्युमेत का नाही लिहिलं?"

मी टेबलावर डावा हात ठेवला. दोन बोटं सरळ होत नाहीत, ती दिसलीच. "त्या नावाने मला शोधणारा एक माणूस आहे," मी म्हटलं.

मॅडम बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोन करू की नको? तुम्ही सांगाल तसं. पण केल्याशिवाय मला घेता येणार नाही."

"करा," मी म्हटलं. तो शब्द मी कसा उच्चारला ते देव जाणे.

त्यांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. चार वेळा रिंग गेली.

"हालो."

सदाशिवरावांचा आवाज ऐकून माझे डोळे भरले. मागे चौकातली वर्दळ ऐकू येत होती.

"सकाळी फोन केला होता मी. रंजिता उमाटेबद्दल."

"हो. नाई म्हून सांगतलं ना तुम्हाले."

"अपेक्षा पोहाणे नावाची कोणी होती का?"

नुसती चौकातली वर्दळ. मग आवाज आला, "थांबा जरासे." चपलांचा आवाज, पोती सरकवल्याचा, मग एक दार करकरलं. मी ते दार ओळखलं. मागचं गोडाऊन. वर्दळ बंद झाली आणि सदाशिवराव अगदी हळू बोलले.

"हे दुसरं नाव तुम्हाले कोनं सांगतलं?"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. "तिनेच सांगितलं."

"म्हंजे जित्ती हाय. बरी हाय ना?"

"हो."

पलीकडे मोठा श्वास सुटला. "दोन्ही नावं ठाऊक असनारं बाहेरचं मानूस तिनंच धाडलं असंन, म्हून बोलून राह्यलो. लिहून घ्या मॅडम. दोन वर्सं होती माह्याकडे. हिशेबात चूक नाई, मालात चूक नाई. मुदत गेलेल्या साठ बाटल्या तिनं काढल्या होत्या. मी म्हटलं होतं विकून टाकू, एक महिन्यानं काय होते, तं माह्याशी भांडली. ती गेल्यावर माह्यं गोडाऊन म्हंजे उकिरडा झालं."

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "मग सकाळी नाही का म्हणालात?"

"किशोर समोर बसून होता मॅडम. तिचा नवरा. मांगं एका दिवशी असाच फोन आला होता, तवाबी, अन् आज सकाळीबी. रोज सकाळी नऊले येते अन् बसते. माह्या फोनची घंटी वाजली का मान वर करते. त्याच्यापुढं हो म्हनू? म्हून दोन्ही नंबर बी तवाच मिटवले मी. आता जेवायले गेला, म्हून सापडलो तुम्हाले."

"पण रंजिता हे नाव तुम्हाला..."

"ठाऊक नाई का मले? कामाले ठेवली तवा तिच्या सासरच्याईनं मार्कशीट आणून दाखवली होती मले."

मी तोंडावर हात धरला. इतके दिवस मी त्या तांदळाच्या ताटाचे आभार मानत होते. नावाने मला वाचवलंच नव्हतं. किशोर हाताभराच्या अंतरावर बसलेला असताना एका म्हाताऱ्या माणसाने फोनमध्ये 'नाही' म्हटलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. आणि मी त्यांच्यावर संतापले होते.

"काका," माझ्या तोंडून निघालं. "काका, मी बोलते. मी इथे तळे..."

"सांगू नको!" ते इतक्या जोराने म्हणाले की मॅडम दचकल्या. मग पुन्हा हळू, गयावया केल्यासारखे, "कुठी हायेस ते मले सांगू नको बेटा. मी भित्रा मानूस हाओ. त्यानं एक दिवस हात धरून विचारलं तं मी सांगून देईन. मले ठाऊकच नसू दे. अन् पुन्हा फोन करू नको."

दार करकरलं, चौकातली वर्दळ पुन्हा ऐकू आली, आणि फोन बंद झाला.

मॅडमने लाल रेघेवर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक तारखेपासून या. खोली आधी हवी असेल तर उद्याच घ्या." मी हो म्हटलं. आभार मानले की नाही, आठवत नाही. हायवेवरून गाड्या जात होत्या आणि मी त्या मोजत नव्हते. मला वाटलं होतं, नोकरी मिळाली की भीती जाईल. ती गेली नाही, फक्त अल्लीपूरला गेली. उद्या नऊ वाजता किशोर त्या दुकानात येऊन बसणार होता, आणि आता सदाशिवरावांजवळ त्याच्यापासून लपवण्यासारखं काहीतरी होतं.